गोदीच्या आगीत गेलेल्या कामगाराचं आयुष्य कसं शोधावं, कसं लिहावं

कोकणात आणि घाटावर आजही एखाद्या घरात जुनं नाव निघतं: आजोबांचा धाकटा भाऊ, मुंबईला गोदीत होता, १९४४ च्या धमाक्यात गेला. वय विचारलं तर "विशी-बाविशीचा असेल", काम विचारलं तर "गोदीत". फोटो असला तर एखादाच. एवढ्यावरून त्या मुलाचं आयुष्य उभं करता येतं का? बऱ्याच अंशी येतं, पण बहुतेक जण शोध चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. ते आधी मुंबईत जाऊन पोर्टच्या कचेरीत यादी मागतात, यादी मिळत नाही, आणि शोध तिथेच थांबतो. रोजंदारीवरचा कामगार मुंबईच्या कागदांत अर्धामुर्धाच सापडतो. त्याचे धड कागद गावी असतात.

घटनेची चौकट आधी पक्की करून घ्या, म्हणजे पुढचे कागद ताडून बघता येतात. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. 'फोर्ट स्टिकीन' हे मालवाहू जहाज दोन दिवस आधी, १२ तारखेला, कराचीहून मुंबईत आलं होतं आणि व्हिक्टोरिया डॉकच्या १ नंबरच्या धक्क्याला लागलं होतं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, लाकूड, तेलाची पिंपं आणि सोन्याच्या विटा होत्या. दुपारी २ च्या सुमारास २ नंबरच्या होल्डमधून (जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेतून) धूर दिसला. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. शेजारचा प्रिन्सेस डॉक, गोदामं आणि मशीद बंदर-मांडवीकडची वस्ती पेटली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. ढिगारा उपसायला सुमारे ८,००० माणसं सात महिने राबत होती, म्हणजे घरच्यांनी सांगितलेला 'गोदीतला मृत्यू' एप्रिलनंतरचा, उपसण्याच्या कामातला, असूही शकतो. मृतांचे आकडे ७०० पासून १,३०० पर्यंत वेगवेगळे दिले जातात. तुमच्या लेखात एकच आकडा ठोकून देऊ नका.

तो कोणत्या खात्यावर होता?

'गोदीत होता' या दोन शब्दांत पाच-सहा वेगळी कामं दडलेली असतात आणि प्रत्येकाचे कागद वेगळ्या ठिकाणी असतात. हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अग्निशमन दलाचा जवान असेल तर काम सर्वांत सोपं. त्या दिवशी मुंबई फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, आणि देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ. १४ तारखेला तिथे मानवंदना असते, गर्दी असते, सावकाश काही वाचून होत नाही. दुसऱ्या एखाद्या दिवशी कचेरीला लेखी पत्र देऊन जा आणि नाव जसं कोरलंय तसंच, अक्षरन् अक्षर, उतरवून घ्या. 'सुधारून' लिहिलंत तर पुढच्या नोंदी जुळणार नाहीत.

पोर्ट ट्रस्टच्या कायम नोकरीतला असेल (क्रेनवाला, रेल्वे विभागातला, शेडवरचा कारकून) तर नोकरीपट असण्याची शक्यता आहे. ही संस्था आता मुंबई पोर्ट प्राधिकरण या नावाने चालते आणि केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज केंद्राच्या पद्धतीने करा.

खलाशी किंवा सैनिक असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आधी नावाने शोधू नका, तारखेने शोधा. १४ एप्रिलपासून मेअखेरपर्यंतच्या तारखा घाला आणि भारतातली स्मारकं निवडा. नाव तिथे 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, रत्नागिरी' अशा जोडटिपेतून ओळखू येतं, स्पेलिंगवरून क्वचितच. पश्चिम भारतातल्या दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच लष्करी कबरी पुण्याजवळच्या खडकीच्या युद्धस्मशानभूमीत एकत्र केलेल्या आहेत.

बहुसंख्य मात्र चौथ्या प्रकारचे होते: टोळीवाल्याच्या (मजुरांची टोळी पुरवणाऱ्याच्या) हाताखालचे हमाल आणि स्टिव्हडोरच्या (जहाजात माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका घेणाऱ्याच्या) टोळीतले कामगार. गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा १९४८ चा आणि मुंबईचं डॉक लेबर बोर्ड १९५१ चं. त्याआधी सकाळी दरवाज्यावर उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर काम, नाहीतर परत. हजेरी मुकादमाच्या वहीत लागे, पोर्टच्या दप्तरात बहुधा फक्त टोळी आणि माणसांची संख्या. ज्यांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत त्यांची यादी मागून काय मिळणार? म्हणूनच या कामगारांचा शोध गावापासून करायचा.

पाचवा प्रकार विसरला जातो. मशीद बंदर आणि मांडवीतल्या वखारी, धान्याची दुकानं, बैलगाड्या, कारखाने इथली पोरं. ती गोदीत कामाला नव्हती, पण घरी सगळ्यालाच 'गोदी' म्हणत.

गावचे कागद

शाळेपासून सुरुवात करा. जुन्या जीवन शिक्षण मंदिराचं किंवा लोकल बोर्डाच्या शाळेचं जनरल रजिस्टर आजच्या जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात बहुधा असतं. मुख्याध्यापकांना नातं लिहून साधा अर्ज द्या आणि उतारा मागताना फक्त जन्मतारीख मागू नका. पूर्ण ओळ मागा: रजिस्टर क्रमांक, वडिलांचं नाव, जन्मठिकाण, दाखल तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि शेरा. सगळ्यात मोलाचा असतो तो शेरा. 'मुंबईस गेला' एवढा शेरा आणि तारीख मिळाली की त्याच्या आयुष्याचे दोन भाग कुठे पडतात ते कळतं. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी अंदाजाने घातली असण्याचीच शक्यता जास्त. ती 'नोंदीप्रमाणे' म्हणून द्या आणि वय एक-दोन वर्षं मागेपुढे धरा.

दुसरा कागद म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. हे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागायचं. नक्कल अर्जात गाव, साल आणि वडिलांचं नाव लिहा. जन्म शोधताना शाळेतल्या सालाच्या आधीची तीन आणि नंतरची दोन वर्षं मागा. त्याचा मृत्यू इथे सापडेल अशी आशा धरू नका, कारण मृत्यूची नोंद जिथे माणूस गेला तिथे होते. भावंडांचे जन्म-मृत्यू मात्र इथेच मिळतात, आणि त्यावरून तो कितवा मुलगा, घरात मागे किती तोंडं खाणारी होती, हे उलगडतं.

यातलं बरंच मोडीत असतं. मोडी येत नसेल तर ओळखीच्या अक्षरांवरून अंदाज बांधू नका. महाराष्ट्र पुराभिलेखागार संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं आणि तिथे शिकलेले वाचक बऱ्याच जिल्ह्यांत भेटतात. वाचकाला फक्त तुमची ओळ देऊ नका, पूर्ण पान द्या, म्हणजे त्या कारकुनाचं वळण त्याला कळतं.

तिसरा कागद फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद, गाव नमुना ६. इथे एक अडचण नेहमी येते. विशीतला मुलगा गेला तेव्हा बाप जिवंत असेल तर जमीन बापाच्या नावावर, मुलाच्या नावाची वारस नोंद निघतच नाही. अशा वेळी बापाच्या मृत्यूनंतरचा फेरफार काढा, तो १९५० चा असो की १९६५ चा. त्यात वारसांची नावं येतात, आणि आधी गेलेल्या मुलाबद्दल 'मयत', 'नावल्द मयत', किंवा 'मयत मुलाची विधवा' असे शब्द येतात. नावल्द म्हणजे मागे मूल नव्हतं. विधवेचं नाव आलं तर तो विवाहित होता हे कागदावर सिद्ध झालं, आणि घरच्यांनी ते सांगितलेलं नसेलही. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं, म्हणून १९४४ चा एप्रिल १९४३-४४ च्या बाडात आणि त्याच सालच्या दिवाळीतली नोंद १९४४-४५ च्या बाडात मिळते. दोन्ही बाडं मागा.

मुंबईतली खोली

मुंबईत एकटे राहणारे बहुतेक जण गावच्या खोलीत किंवा खानावळीच्या आधाराने राहत. गिरगाव, लालबाग, माझगाव, डोंगरी या भागांत ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या होत्या: भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, आणि पाळीप्रमाणे झोपायची जागा. गोव्याच्या खलाशांचे कूड त्याच धर्तीचे. ही मंडळं आजही असतील तर त्यांच्याकडे वर्गणीची जुनी वही मागा. महिनावार रकाने असतात. एखाद्या नावापुढे चैत्रापर्यंत आणे भरलेले आणि पुढे रेघ, असं पान हाती आलं की तो मुंबईत कधी आला आणि कोणत्या महिन्यापर्यंत होता हे दोन्ही कळतं. पानाचा फोटो घेताना वहीचं पहिलं पान, सालाचं पान आणि आजूबाजूची दोन पानं घ्या. नुसत्या ओळीचा फोटो पुढे पुरावा म्हणून चालत नाही.

मनीऑर्डरची कूपनं देव्हाऱ्याखाली, पोथीत, पत्र्याच्या डब्यात सापडतात. रक्कम वाचून ठेवून देऊ नका, शिक्का बघा. टपालकचेरीचं नाव तो कुठल्या भागात राहत होता ते सांगतं, आणि सलग कूपनांवरचा रकमेचा चढउतार काम कधी लागत होतं आणि कधी नव्हतं ते सांगतो. मुंबईत मे १९४३ पासून रेशनिंग सुरू झालं होतं. रेशनकार्ड मिळालं तर त्यावरचा पत्ता इतर कुठल्याही कागदापेक्षा भरवशाचा, कारण पत्ता चुकला तर धान्य मिळत नव्हतं.

मृत्यूचा कागद

महापालिकेची मृत्यूनोंद विभाग कार्यालयानुसार लागते, आणि तीही मृत्यू जिथे झाला त्या विभागात. घर लालबागला आणि मृत्यू जे. जे. किंवा सेंट जॉर्जेसमध्ये, तर त्या रुग्णालयाच्या विभागात शोधा. घराच्या विभागात शोधून 'नोंद नाही' असा शेरा मिळतो आणि लोक तोच शेवटचा समजतात. तारीख १४ एप्रिल एवढीच देऊ नका, भाजलेले लोक पुढे काही आठवडे दगावत असतात. १४ एप्रिल ते ३० जून मागा. आडनाव नसेल असं धरून चाला: 'गंगाराम लक्ष्मण' एवढंच नाव लिहिलेलं असतं. इंग्रजी नोंदीत तेच नाव तीन-चार प्रकारे लिहिलेलं सापडतं. २०, २५, ३० अशी गोल वयं ही लिहिणाऱ्याची सोय समजा.

अनेकांचं शरीर सापडलं नाही, किंवा सापडलं पण ओळख पटली नाही. त्यांची मृत्यूनोंद असेलच असं नाही. अशा वेळी भरपाईकडे वळा. कामगार भरपाई कायदा १९२३ चा होता. त्यात प्रौढ कामगाराच्या मृत्यूची रक्कम मजुरीच्या पट्ट्याप्रमाणे ठरे, आणि १५ वर्षांखालच्या कामगाराच्या मृत्यूला सरसकट २०० रुपये. म्हणून भरपाईच्या कागदावर नेमके २०० दिसले तर थांबा आणि वय पुन्हा तपासा. घरात 'अठराचा' म्हणून सांगितलेला मुलगा चौदाचाही असू शकतो. स्फोटाच्या नुकसानीसाठी १९४४ मध्ये खास अध्यादेशही निघाला होता. अभिलेखागारात 'बॉम्बे एक्स्प्लोजन', 'डॉक एक्स्प्लोजन' आणि जहाजाचं नाव अशा तिन्ही शब्दांनी सूची चाळा. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, दोन्हीकडे पाहा. राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते.

महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करायचा तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. प्रतीला पानामागे २ रुपये. 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार आला तर कलम ८(३) दाखवा: २० वर्षांपूर्वीच्या घटनेला बहुतेक अपवाद लागू होत नाहीत.

वर्तमानपत्रांत १५ एप्रिलचा अंक उघडून निराश होऊ नका. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे सविस्तर बातम्यांना मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वाट पाहावी लागली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र १५ एप्रिललाच बातमी दिली होती. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि एशियाटिक सोसायटीत जुने अंक पाहताना मे आणि जूनवर जोर द्या, आणि मथळे सोडून छोट्या जाहिराती, निधीच्या याद्या, 'हरवला आहे' अशा चौकटी वाचा.

माणसांकडून काय विचारावं

त्याला पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे आधी जा, कागद नंतरही मिळतील. "तेव्हा काय झालं?" असं विचारलं की सोन्याच्या विटेची गोष्ट येते, ती सगळ्या मुंबईला पाठ आहे. त्याऐवजी वस्तूंबद्दल विचारा. त्याची पेटी गावी कुणी आणली? मनीऑर्डर कुणाच्या नावाने यायची? गणपतीला तो यायचा का, शिमग्याला? त्याच्या जागी गोदीत नंतर कोण लागलं? आजीला 'पेटी' म्हटल्यावर पेटीचा रंग, आत निघालेलं धोतर आणि ती आणणाऱ्या शेजाऱ्याचं नाव आठवतं, आणि त्या शेजाऱ्याच्या घरी दुसरा अर्धा कागद निघतो.

तिथीबाबत सावध राहा. तो दिवस शके १८६६ च्या चैत्र वद्य पक्षातला. घरात श्राद्ध त्याच पक्षात होत असेल तर तारीख जुळते. तिथी पुढची निघाली तर ती बहुधा गावी बातमी पोचल्याची असते. भाद्रपद वद्य चतुर्दशीला करत असतील तर त्यावरून तारीख काहीच कळत नाही, अपघाताने गेलेल्यांसाठी तो ठरलेला दिवस आहे. 'पालाशविधी केला होता' (म्हणजे शरीराऐवजी पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन केलं) असं कुणी म्हणालं तर लगेच टिपून घ्या: शरीर मिळालं नव्हतं याचा तो घरचा पुरावा आहे.

लिहिताना

कच्ची वही तीन रकान्यांची करा: काय कळलं, कुठून कळलं, तो कागद किंवा आठवण कोणत्या सालची. तिसरा रकाना लोक गाळतात आणि मग १९६५ चा फेरफार १९४४ च्या साक्षीइतका पक्का समजून बसतात. दोन नोंदींत फरक असेल तर दोन्ही लिहा. कुठली जास्त पटते ते सांगा, आणि का ते सांगा.

आगीचं वर्णन लेखाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. त्याच्या वीस वर्षांपैकी ते दोन तास होते. शाळा, पेटी, खोली, मजुरी, गावचे सण यांना जागा द्या. एप्रिलच्या त्या दुपारी तो नेमका कुठे होता याचा पुरावा नसेल तर त्याला जहाजावर उभा करू नका. टोळ्या दोन्ही गोद्यांत विखुरलेल्या होत्या. 'त्याने शेवटचं वळून पाहिलं' असली वाक्यं लिहिणाऱ्याच्या मनातली असतात, आणि घरचे पुढे तीच खरी म्हणून सांगत राहतात.

आगीबद्दल लिहायचं तर कारणं नीट लिहा. एकाच होल्डमध्ये कापूस आणि स्फोटकं होती. गाठ दाबून बांधलेली असली तरी कापसात हवा अडकलेली असते, त्यामुळे ती आतून धुमसत राहते. बंबांनी ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं, पण धुमसत्या गाठी पाण्यावर तरंगून स्फोटकांच्या दिशेने वर सरकल्या. घातक माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर नव्हता, त्यामुळे आजूबाजूच्या कामगारांना आपण कशाशेजारी उभे आहोत हे कळायची सोयच नव्हती. हे कामगाराच्या चरित्रात आलंच पाहिजे. उलट, 'कुणा हमालाच्या विडीने आग लागली' हे ऐकीव वाक्य तुमच्या माणसाच्या टोळीवर पुराव्याशिवाय ढकलू नका.

जुन्या गोद्यांची नावं जपून वापरा. अलेक्झांड्रा डॉक म्हणजे आजचा इंदिरा डॉक, आणि तो वेगळा. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस हे त्याच्या उत्तरेचे. घरचे 'अलेक्झांड्रा' म्हणत असतील तर तो तिथे कामाला असल्याची शक्यता धरून पुन्हा तपासा.

विधवेने पुढे दुसरं लग्न केलं असेल तर ते छापण्याआधी तिच्या मुलाबाळांना विचारा. ते नको म्हणाले तर 'पुढे ती माहेरी गेली' एवढ्यावर थांबा, तेही खरं असेल तरच. जात कागदावर असतेच, पण लेखात ती गरजेपुरतीच आणा: वस्ती, शाळा किंवा काम जातीमुळे ठरलं असेल तिथे.

लेख झाल्यावर एक प्रत गावच्या शाळेला आणि एक ग्रामस्थ मंडळाला द्या, आणि प्रत्येक उताऱ्याच्या झेरॉक्सच्या मागे कचेरी, बाडाचा क्रमांक, पान आणि नक्कल घेतल्याची तारीख पेन्सिलने लिहा. शाईचं पेन झेरॉक्सच्या कागदातून आरपार उमटू शकतं.